यू-२ की ग्लोबल हॉक: टेहळणीच्या विमानात वैमानिक हवा का?

टेहळणी विमानांचा विषय निघाला की बहुतेकांची पसंती आधी एसआर-७१ ब्लॅकबर्डला जाते. साहजिकच आहे. ध्वनीच्या तिपटीहून जास्त वेग, ८५ हजार फुटांची उंची, आणि इतकी वर्षं उडूनही शत्रूला त्यातलं एकही पाडता आलं नाही. पण निवड करताना हा मोह बाजूला ठेवावा. एवढ्या वेगाने जाणारं विमान एका जागेवर टिकत नाही. त्याला हवेत इंधन भरायला टँकर विमानांचा ताफा लागायचा, आणि बराच काळ त्याने टिपलेलं पाहायला ते परत उतरेपर्यंत थांबावं लागे. टेहळणीत ‘किती वेगाने गेलात’ यापेक्षा ‘किती वेळ पाहत राहिलात आणि ते खाली कधी कळलं’ याला जास्त किंमत आहे. या कसोटीवर खरी तुलना उरते ती यू-२ आणि आरक्यू-४ ग्लोबल हॉक या दोन अमेरिकी विमानांची.

यू-२ ने पहिलं उड्डाण केलं १९५५ मध्ये, ग्लोबल हॉकने १९९८ मध्ये. पहिल्यात एक वैमानिक बसतो, दुसऱ्यात कोणीच नाही. यू-२ सत्तर हजार फुटांच्या वर जातं, ग्लोबल हॉक साधारण साठ हजारांपर्यंत. हा दहा हजारांचा फरक कागदावर वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. सत्तर हजार फुटांवरून, म्हणजे सुमारे २१ किलोमीटरवरून, क्षितिज पाचशे किलोमीटरच्या पुढे जातं. कॅमेऱ्याला तिथपर्यंतचं स्पष्ट दिसत नाही, पण जितकं उंच जावं तितकं सीमा न ओलांडता तिरकं आत डोकावता येतं. शिवाय यू-२ सुमारे सव्वादोन टन उपकरणं उचलतं, ग्लोबल हॉकच्या मोठ्या आवृत्त्या जेमतेम १.३६ टन. ढगांतूनही पाहणारं रडार, दूरवरचा कॅमेरा आणि रेडिओ संदेश टिपणारी यंत्रणा एकाच फेरीत हवी असेल, तर हा फरक जाणवतो.

या उंचीची किंमत मात्र माणूस मोजतो. सुमारे ६३ हजार फुटांच्या वर हवेचा दाब इतका कमी असतो की संरक्षणाशिवाय शरीरातलं पाणी शरीराच्याच तापमानाला उकळू लागेल. म्हणून वैमानिक अंतराळवीरासारखा दाबपोशाख घालतो आणि उड्डाणाआधी तासभर शुद्ध प्राणवायू घेतो. उतरणंही सोपं नाही. विमानाची मुख्य चाकं सायकलसारखी एकामागे एक आहेत. धावपट्टीवर मागून मोटार धावते आणि त्यातला दुसरा यू-२ वैमानिक उरलेली उंची रेडिओवर सांगत राहतो. बारा तासांच्या आसपास माणूस थकतो. ग्लोबल हॉक तीस तासांहून जास्त उडू शकतं, कारण त्याचे चालक जमिनीवर पाळी बदलतात. मात्र उपग्रहामार्फतचा दुवा तुटला, तर त्याचं बरंचसं काम अडतं.

सगळ्यात गंभीर फरक विमान पडतं तेव्हा कळतो. १ मे १९६० रोजी सोव्हिएत संघावर यू-२ पाडलं गेलं, वैमानिक गॅरी पॉवर्स जिवंत पकडला गेला आणि अमेरिका-सोव्हिएत नेत्यांची पॅरिसची शिखर परिषद उधळली. १९६२ च्या ऑक्टोबरात यू-२ नेच क्यूबातली सोव्हिएत क्षेपणास्त्रं दाखवून दिली, आणि त्याच महिन्यात तिथे यू-२ पाडलं जाऊन त्याचे वैमानिक मेजर रुडॉल्फ अँडरसन यांचा जीव गेला. याउलट २० जून २०१९ रोजी इराणने हॉर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ ग्लोबल हॉकच्या कुळातलं अमेरिकी नौदलाचं विमान पाडलं. प्रत्युत्तराचा हल्ला शेवटच्या क्षणी रद्द झाला. मानवरहित विमानाच्या बदल्यात माणसं मारणं प्रमाणात बसत नाही, असं कारण ट्रम्प यांनी दिलं. मला हा मानवरहित विमानाचा सर्वांत मोठा गुण वाटतो. पण त्यातच धोकाही आहे: कोणी मरणार नसेल तर पाठवणाऱ्याचा हात सैल होतो, आणि पाडणाऱ्याचाही.

खुद्द अमेरिकी हवाई दलालाही हा प्रश्न सहज सुटला नाही. २०१२ मध्ये त्यांनी यू-२ ठेवून ग्लोबल हॉकची एक आवृत्ती मोडीत काढायचं ठरवलं. दोनच वर्षांत प्रस्ताव उलटला: ग्लोबल हॉक ठेवा, यू-२ काढा. संसदेने दोन्ही वेळा मोडता घातला.

लांबलचक समुद्र किंवा सीमा दिवसरात्र न्याहाळायची असेल, तर माझा कौल ग्लोबल हॉकला. जास्त उंची आणि उपकरणांचा मोठा संच हवा असेल, तर यू-२ सरस. सक्रिय आधुनिक क्षेपणास्त्रांच्या माऱ्यात मात्र दोघांनाही पाठवू नये. दोघांची जागा सीमेच्या अलीकडेच आहे. नव्याने घेणाऱ्या देशाला तर यू-२ चा पर्यायच नाही, कारण त्याचं उत्पादन १९८९ मध्ये थांबलं. जपान आणि दक्षिण कोरियाने ग्लोबल हॉक घेतलं. तीस तासांच्या उड्डाणातून येणारी चित्रं पाहणारे प्रशिक्षित विश्लेषक आधी उभे करा, मगच विमानाची मागणी नोंदवा.