हार्ली-डेव्हिडसन फॅट बॉय: पडद्यावर उडते, घाटात फूटबोर्ड घासते

१९९१ सालच्या ‘टर्मिनेटर २’मध्ये अर्नोल्ड श्वार्झनेगर लॉस एंजेलिसच्या कोरड्या काँक्रीट कालव्यात ज्या गाडीवरून झेप घेतो, ती हार्ली-डेव्हिडसनची फॅट बॉय. उडी खरी आहे, पण गाडी स्वतःच्या बळावर जमिनीवर आलेली नाही. ती आणि तिच्यावरचा स्टंटमन यांचा भार तारांनी तोलून धरला होता आणि त्या तारा नंतर संगणकावर पुसून टाकल्या. तारांशिवाय हे जमलंच नसतं. जवळपास तीनशे किलोची गाडी, गिअरबॉक्सखाली आडवे दडवलेले शॉक अॅब्सॉर्बर आणि जमिनीपासून वीतभरही नसलेली उंची. एवढ्या उंचीवरून मोकळी सोडली असती तर चित्रीकरण तिथेच थांबलं असतं.

हा सिनेमा बघून फॅट बॉय घ्यायची इच्छा होणारे आजही पुष्कळ आहेत. त्यांनी आधी हे लक्षात घ्यावं की सिनेमातली फॅट बॉय आणि आज शोरूममध्ये उभी असलेली फॅट बॉय यांत नाव, बंद चकतीची चाकं आणि पंचेचाळीस अंशांचं व्ही-ट्विन (व्ही आकारात बसवलेल्या दोन सिलिंडरचं इंजिन) एवढंच काय ते समान उरलं आहे. चालवायला त्या दोन वेगळ्या गाड्या आहेत, आणि वळणावर जुनी सरस आहे.

याचं मुख्य कारण टायर. १९९० च्या मॉडेलला पुढे-मागे एकाच मापाचे सोळा इंची टायर होते, रुंदी साधारण १३० मिलिमीटर. २००७ मध्ये मागचा टायर २०० चा झाला. २०१८ मध्ये पूर्ण नवी फ्रेम आली तेव्हा पुढे १६०/६० आणि मागे २४०/४० (पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के उंची), दोन्ही अठरा इंची. उभी गाडी बघताना हा मागचा टायर भारी वाटतो, फोटोतही छान येतो. पण इतका रुंद आणि चपटा टायर वळायला तयार नसतो. गाडी झुकवली की जमिनीला टेकलेला भाग मधल्या रेषेपासून बराच बाजूला सरकतो आणि गाडी परत सरळ व्हायला बघते. त्यामुळे वळण संपेपर्यंत आतल्या बाजूचं हँडल दाबून ठेवावं लागतं. काँक्रीटच्या रस्त्यावरचे लांब सांधे, डांबराचे थर एकमेकांवर चढून झालेल्या कडा, असं काही चाकाखाली आलं की मागची बाजू त्या रेषेने चालू लागते. सवय होते, पण मजा येत नाही. हँडल सैल धरा, घट्ट धराल तर जास्त हलेल.

त्यात झुकण्याची मर्यादा. नव्या फॅट बॉयला दोन्ही बाजूंना पंचवीस-साडेपंचवीस अंश मिळतात, मग पाय ठेवायचा फूटबोर्ड रस्त्याला लागतो. फूटबोर्ड बिजागरीवर आहे, घासला की वर उचलला जातो, तेव्हा पहिल्या खरखरीने दचकून ब्रेक मारू नका. पण त्याच्याही पुढे झुकवलंत तर न मुडपणारे भाग टेकतात आणि मागच्या चाकावरचा भार उचलला जातो. वळणाआधी वेग उतरवणं, शरीर आतल्या बाजूला टाकणं, गाडी शक्य तितकी उभी ठेवणं, एवढाच इलाज. सासवडकडचा दिवे घाट निभावतो. आंबेनळीसारख्या घाटात एकापाठोपाठ एक केसपिनेसारखी वळणं आली की ३१७ किलोंचा हिशेब खांद्यांना कळतो.

ब्रेकबद्दल कंपनीने थोडा हात आखडता घेतला आहे. एवढ्या वजनाला पुढे एकच डिस्क आहे, चार पिस्टनच्या कॅलिपरची. एबीएस आहे, ते चांगलं काम करतं. पण स्पोर्टबाइकवरून आलेला माणूस दोन बोटांनी पुढचा ब्रेक दाबतो आणि गाडी थांबत नाही म्हणतो. इथे मागचा ब्रेक खरंच कामाचा आहे: चाकांमधलं अंतर १६६५ मिलिमीटर, बैठक ठेंगणी, त्यामुळे ब्रेक लावल्यावर वजन पुढे फारसं फेकलं जात नाही. चारही बोटं आणि उजवा पाय एकत्र वापरा.

आता ज्यासाठी गाडी घ्यायची त्याकडे. इंजिन. हार्लीच्या व्ही-ट्विनमध्ये दोन्ही पिस्टनचे कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर (क्रँकच्या एकाच खिळीवर) बसतात. त्यामुळे दोन स्फोटांमधलं अंतर सारखं नसतं: एकदा ३१५ अंशांनी, एकदा ४०५ अंशांनी. तो अडखळत धडधडणारा आवाज यातून येतो, सायलेन्सरमधून नव्हे. म्हणून सायलेन्सर बदलायची घाई करू नका. पुण्या-नागपुरात पोलिसांनी जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रोडरोलरखाली घातलेले सगळ्यांनी पाहिले आहेत.

२०१८ पासूनच्या मिलवॉकी-एट ११४ इंजिनाची (आकडा घन इंचांचा) क्षमता १८६८ सीसी. दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि दोन स्पार्क प्लग. टॉर्क १५५ न्यूटन मीटरच्या आसपास, आणि तोही ३००० आरपीएमच्या जवळपास. व्यवहारात याचा अर्थ असा की ट्रक ओलांडायला गिअर उतरवावा लागत नाही, थ्रॉटल थोडा फिरवायचा. आत कंपन मारणारे दोन बॅलन्सर असल्याने आरशात मागचं स्पष्ट दिसतं, जे सिनेमाच्या काळातल्या गाडीत फक्त उतारावर बंद इंजिनात शक्य होतं. हायड्रॉलिक लिफ्टर असल्याने टॅपेट सेटिंगची (व्हॉल्व्हची फट जुळवण्याची) कटकट नाही. २०२५ च्या मॉडेलला ११७ आलं, १९२३ सीसीचं. फरक आहे, पण चांगली ११४ हातात असेल तर त्यासाठी बदलावी इतका नाही.

उन्हाळ्यात शहरात मात्र हाल. सिलिंडर हेडला तेलाचं कूलिंग आहे, तरी मागचा सिलिंडर थेट मांडीखाली येतो. सिग्नलवर दोन-तीन मिनिटं थांबणार असाल तर इंजिन बंद करा, आणि जीन्स जाडच घाला.

गतिरोधक हा दुसरा विषय. जमिनीपासून उंची ११५ मिलिमीटर. आपल्याकडच्या मनमानी गतिरोधकावर सरळ गेलात तर मधली फ्रेम टेकते. तिरकं, अगदी सावकाश, पायावर न उठता. मागे माणूस असेल तर आधी प्रीलोड (मागच्या स्प्रिंगचा ताण) वाढवून घ्या, तो वाढवला की बोट-दीड बोटाचा फरक पडतो असं नाही, पण टेकणं कमी होतं.

आणि सगळ्यात मोठी गंमत, खरं तर चीड आणणारी. ही गाडी सरळ, रुंद, रिकाम्या रस्त्यासाठी बनली आहे. आणि महाराष्ट्रातले असे रस्ते तिला बंद आहेत. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला मनाई, समृद्धीवर मनाई, अटल सेतूवरही मनाई. उरतो जुना पुणे-मुंबई महामार्ग, मुंबई-गोवा किंवा पुणे-बंगळूरू, ट्रक आणि वळवलेल्या रस्त्यांसकट. टाकी १८.९ लिटरची आहे, लिटरला सोळा-अठरा किलोमीटर धरून चाला.

देखभाल दिसते तितकी अवघड नाही, पण एक गोष्ट नीट कळली पाहिजे: या गाडीत तेल तीन ठिकाणी वेगवेगळं असतं. इंजिन, प्रायमरी चेनकेस (इंजिन आणि क्लच जोडणाऱ्या साखळीचा डबा) आणि गिअरबॉक्स. पहिली सर्व्हिस १६०० किलोमीटरला, मग दर ८००० ला. एका ठिकाणचं तेल बदलून तिन्हीचं बिल लावलं जात नाही ना, हे बिलावर ओळीने पाहा. इंजिन ऑइलची पातळी इंजिन गरम असताना, मॅन्युअलमध्ये दिलेल्या स्थितीत तपासायची. थंड इंजिनात तेल मोजायची पट्टी कमी दाखवते, म्हणून लोक वरून तेल ओततात, आणि मग जास्तीचं तेल ब्रीदरमधून (इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) एअर फिल्टरमध्ये येतं. गळती झाली म्हणून ओरड होते, ती बहुतेक वेळा हीच.

मागच्या चाकाला बेल्ट आहे. तेल-ग्रीस लागत नाही, पण दगड हा त्याचा शत्रू. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर बेल्ट आणि पुली हाताने फिरवून बघा. मधोमध लहान भोक पडलं असेल तर लक्ष ठेवून चालवता येतं. कडेला फाटलं असेल तर बदला, थांबू नका. ताण मोजताना साडेचार किलोचा दाब देऊन बेल्ट किती वाकतो ते पाहतात, आणि चाक फिरवून सगळ्यात घट्ट जागेचंच माप धरतात.

बंद चकतीच्या चाकांबद्दल दोनच शब्द: आडव्या वाऱ्यात पुढचं चाक वारा अडवतं आणि हँडल हलकं ओढतं. पुलावर वेग कमी ठेवा.

उभी करताना उतारावर पुढचं चाक कधीही भिंतीकडे लावू नका. रिव्हर्स गिअर नाही, आणि ३१७ किलो मागे चढावर ढकलणं एकट्याचं काम नव्हे.

सिनेमातलीच, म्हणजे १३४० सीसीच्या इव्होल्यूशन इंजिनाची फॅट बॉय हवी असेल तर ती वाट अमेरिकेतल्या मराठी मंडळींची. इतकी जुनी गाडी भारतात आयात करता येत नाही. तिथे घेताना थंड इंजिन सुरू करायला सांगा. सिलिंडरच्या बुडाशी, जिथे तो क्रँककेसवर (इंजिनाच्या खालच्या धडावर) बसतो, तिथे बोट फिरवा. तेल लागलं तर बेस गॅस्केट गेलं आहे, हा इव्होचा जुना आजार. क्रँककेसच्या पुढच्या भागातला स्टेटरचा (वीज तयार करणाऱ्या कॉइलचा) प्लग काढून पाहा, तो सैल किंवा तेलकट असेल तर चार्जिंग पुढेमागे दगा देणार. नव्वदच्या दशकातल्या काही इंजिनांत कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) आतलं बेअरिंग कमी सुयांचं, म्हणजे कमी बारीक रोलरचं आहे. ते निकामी झालं तर तुकडे सगळ्या इंजिनात फिरतात. मालकाने ते बदलून पूर्ण सुयांचं बेअरिंग टाकलं असेल तर गाडीला जास्त पैसे देणं परवडतं. प्रायमरी चेन थंड असताना मध्यावर १६ ते २२ मिलिमीटर हलली पाहिजे, आणि ते माप चेन फिरवत तीन-चार ठिकाणी घ्या, कारण ती सगळीकडे सारखी झिजत नाही.

भारतात वापरलेली घ्यायची तर २०१८-१९ च्या मिलवॉकी-एटला एक प्रश्न विचारा: ऑइल पंप बदलला आहे का? त्या सुरुवातीच्या इंजिनांत वेगात चालवताना तेल क्रँककेसमध्ये साठून राहायचं, इंजिन जड व्हायचं आणि तापायचं. कंपनीने नंतर सुधारित पंप आणला. सर्व्हिस बुकात नोंद असेल तर उत्तम. नसेल तर पंप आणि मजुरीचा खर्च किमतीतून वजा करून बोला.