१७ पिच की १९? ११५ हॉर्सपॉवरच्या बोटीला कुठला पंखा घ्यावा

आमची १९ फुटी फायबर बोट, मागे बाहेरून लावलेलं ११५ हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक इंजिन (आऊटबोर्ड), आणि फिरणं म्हणजे देवबाग संगम नाहीतर तारकर्लीसमोर. १७ आणि १९ पिचचे दोन्ही पंखे (प्रोपेलर) वापरून झालेत म्हणून लिहितोय.

पंख्यावर १३ x १७ असं कोरलेलं असतं, त्यातलं पहिलं व्यास, दुसरं पिच, म्हणजे पाणी घट्ट असतं तर एका फेरीत पंखा किती इंच पुढे गेला असता. पिच एक इंच वाढवला की फुल थ्रॉटलला साधारण १५० ते २०० आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) उतरतात, सगळा खेळ इथेच आहे.

आमच्या इंजिनाला फुल थ्रॉटलला ५००० ते ६००० आरपीएम मिळायला हवेत. १९ लावून दोघंच गेलो तर ५४००, मस्त, बोट सरसर जाते. पण घरची सहा माणसं, पाण्याचे कॅन, टाकी फुल, की आरपीएमचा काटा ४९०० ला अडकतो, नाक वर आभाळात, समोरचं काही दिसत नाही आणि इंजिन कण्हत असल्यासारखं वाजतं. आंबोली घाट टॉप गियरमध्ये चढवल्यासारखंच ते, असं रोज चालवलं की इंजिनावर ताण येतो, कार्बन धरतो, वर पेट्रोल जातं ते वेगळंच. १७ ला तीच माणसं घेऊन ५३०० मिळतात, बोट पटकन सपाट होऊन पाण्यावर घसरायला लागते, आणि दोघंच असलो तर ५८००, म्हणजे मर्यादेच्या आतच.

मग वेगात किती मार खातो? दोघंच असताना जीपीएसवर जेमतेम दीड नॉट. एवढ्यासाठी १९ घ्यावा असं मला तरी वाटत नाही. कायम एकदोघंच, लांबचा पल्ला आणि शांत पाणी असेल तर १९ घ्या, बाकी सगळ्यांनी १७. फक्त १५ वर उतरताना जपून, हलक्या बोटीला आरपीएम ६००० च्या वर जाऊन इंजिन लिमिटरला, म्हणजे फेऱ्या रोखणाऱ्या मर्यादेला, धडकेल.

स्टीलचा की ॲल्युमिनियमचा? स्टीलची पाती वाकत नाहीत म्हणून पकड चांगली, पण संगमावर वाळूचे पट्टे सरकत असतात, तिथे पाती घासली तर ॲल्युमिनियम स्वतः वाकतं आणि गियरबॉक्स वाचण्याची शक्यता जास्त. मी ॲल्युमिनियमच ठेवलाय.

घ्यायच्या आधी एक करा, तळाचं शेवाळ-शिंपले खरवडून काढा, नेहमीची माणसं बसवा, ट्रिम (इंजिनाचा कल) नीट लावून फुल थ्रॉटल द्या आणि काटा बघा, जाताना एकदा आणि येताना एकदा, कारण ओहोटीच्या ओढीने जीपीएसचा वेग फसवतो. जुना पंखा विकू नका, बोटीत स्पेअर ठेवा, सोबत नवी कॉटर पिन (नट सुटू न देणारी खीळ), पाना, ग्रीस आणि नट फिरवताना पंखा फिरू नये म्हणून पात्यात अडकवायला लाकडाचा एक ठोकळा. आणि नटला हात लावायच्या आधी किल्ली काढून खिशात.