फायब्रोमायल्जियासाठी व्यायामवर्ग : क्लास घ्यावा, आहाराचं पॅकेज सोडावं

मी घरी ब्लाउज शिवते. अंगभर दुखायला लागलं तेव्हा सगळ्यांनी शिलाईवर खापर फोडलं. पण मशीनला हात लावला नाही तरी मांड्या, पाठ, खांदे ठणकायचे, आणि आठ तास झोपूनही सकाळी उठताना रात्रभर ओझी वाहिल्यासारखं व्हायचं. ईएसआर, सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या आणि थायरॉइड, सगळं नॉर्मल. संधिवाताच्या डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दुखणं, थकवा आणि झोपेची तक्रार असलेला जुनाट आजार, सांगितला, रात्रीची एक गोळी दिली आणि व्यायाम करायला सांगितलं. कोणता, किती, हे शिकायला मी डोंबिवली पूर्वेच्या एका फिजिओथेरपी केंद्रात जायला लागले. तक्रारीही लिहायच्या आहेत, म्हणून नाव देत नाही. पण असे वर्ग आता बऱ्याच ठिकाणी निघालेत. पैसे भरण्याआधी काय बघायचं ते यातून कळेल.

आधी चांगलं. फिजिओ मॅडम पहिल्या दिवशी व्यायाम घेतच नाहीत. तासभर विचारतात : कुठे दुखतं, झोप कशी, पोट कसं, बोलताना शब्द विसरायला होतं का. दुखऱ्या जागा दाबून मोजल्या नाहीत, याचं मला नवल वाटलं होतं, कारण माझ्या नणंदेला कोणीतरी अठरा जागांचं सांगितलं होतं. तो १९९० चा निकष, अठरापैकी अकरा जागा दुखायला हव्यात असा. २०१० पासून अंगाच्या किती भागांत दुखतं, थकवा आणि झोप कशी आहे, यावरही निदान करता येतं. नसा दुखण्याचा निरोप वाजवीपेक्षा मोठा करून पोचवतात, हे त्यांनी समजावलं तेव्हा मला माझं मशीनच आठवलं. धाग्याचा ताण जास्त आवळला की चांगल्या कापडावरही टाके गोळा होतात. कापड उसवून काही उपयोग नसतो.

वर्गात आठच जणी, आठवड्यातून दोनदा, पाऊण तास. सुरुवात खुर्चीत बसून : घोटे, मनगटं, खांदे, मान. मग हॉलमध्येच चालायचं, शेजारणीशी बोलता येईल इतक्याच वेगानं. बोलताना धाप लागली की वेग कमी. त्यानंतर रबरी पट्टा. पिवळा सगळ्यात हलका, मग लाल. पिवळ्यावरून लालवर जायची मला फार घाई होती; मॅडम हसून म्हणायच्या, “ताई, आज जमतंय ते नको सांगू, उद्या सकाळी कसं वाटतं ते सांग.” आणि खरंच दुसऱ्या दिवशी शून्य ते दहामध्ये दुखण्याचा आकडा कळवावा लागतो. दोन दिवस वाढलेलाच राहिला तर पुढच्या वेळी कमी करतात, बंद मात्र करत नाहीत. या दुखण्यात बरं वाटलं त्या दिवशी माणूस धुणं, माळा, फराळ सगळं उरकून घेतो आणि मग तीन दिवस झोपून काढतो. ही सवय मोडणं हाच या क्लासचा खरा माल आहे. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या २०१६ च्या शिफारशींमध्ये एकाच उपायाला ठामपणे ‘करा’ म्हटलंय, तो म्हणजे व्यायाम. गोळ्यांनासुद्धा तेवढा जोर दिलेला नाही.

फरक पडायला दोन महिने लागले. दुखणं गेलेलं नाही. पण दोरीवर कपडे वाळत घालताना हात वर राहतात, आणि पहाटे तीनला जाग येणं कमी झालंय.

आता आहार. पहिले तीन महिने क्लास एकटा मिळत नाही. महिन्याच्या २,४०० वर आहाराच्या पॅकेजचे ६,००० भरावेच लागतात. त्यात मिळतो एक व्हिडिओ कॉल आणि एक छापील तक्ता. टोमॅटो, बटाटा, वांगं, सिमला मिरची बंद. गहू बंद. त्याऐवजी क्विनोआ, बदामाचं दूध आणि ‘ग्लूटेनमुक्त’ (ग्लूटेन म्हणजे गव्हातलं प्रथिन) ब्रेड, जो त्यांच्याच काउंटरवर मिळतो. अहो, माझ्या डब्यात ज्वारी आणि नाचणी आहे, तिच्यात ग्लूटेन कधी होतं? आणि मला सिलिअ‍ॅक, म्हणजे ग्लूटेन न सोसण्याचा आजार, नाही, हे रिपोर्टात लिहिलेलं आहे. बाजूच्या बाईंना मधुमेह. तक्ता उघडून पाहिला तर तोच, नाव फक्त बदललेलं. फायब्रोमायल्जिया अमुक खाल्ल्यानं जातो, असा कोणताही एक आहार सिद्ध झालेला नाही. हे मला आमच्या डॉक्टरांनी फुकट सांगितलं.

खाण्यातलं जे उपयोगी पडलं ते डॉक्टरांकडूनच कळलं. ड जीवनसत्त्व आणि बी-१२ तपासून घेतलं. ड कमी निघालं, ते त्यांनी लिहून दिलं. ऑर्डरी असल्या की मी अकरापर्यंत नुसत्या चहावर असायचे. आता नऊच्या आत भाकरी आणि मोडाच्या मटकीची उसळ, नाहीतर अंडं. चारनंतर चहा नाही, त्यानं झोप सुधारली. छोले-राजम्यानं पोट फुगतं, म्हणून ते कमी. वांग्याचं भरीत जोरात चालू आहे.

बारीकसारीक : एसी फार गार ठेवतात आणि गारठ्यानं आमच्यासारख्यांचं अंग आखडतं, शाल न्यावी. शेजारच्या हॉलमध्ये झुम्बाचा ढणढणाट असतो, डोकं उठतं. लिफ्ट आठवड्यातून एकदा तरी बंद, क्लास दुसऱ्या मजल्यावर. पावतीवर ‘औषधाविना मुक्ती’ असं छापलंय, ते मात्र खोडायला हवं. मॅडम स्वतः असं कधीच म्हणत नाहीत; उलट गोळीबद्दल काहीही बदल करायचा तर डॉक्टरांना विचारा, असंच सांगतात.

क्लासला पाचपैकी साडेचार, आहाराला एक. आधीच्या दोघींनी भांडून फक्त क्लास घेतला, तेव्हा विचारायला लाजू नका. बॅच सकाळी सातची आणि अकराची आहे. सातची स्वस्त पडते, पण त्या वेळी सांधे मोकळे झालेले नसतात, अकराचीच मागा.