सिस्टमरेस्क्यू: पावसाळ्यात बॅगेत असायलाच हवा असा पेनड्राईव्ह

गोव्यात म्हापसा, फोंडा, वेर्णा ह्या बाजूला लहान ऑफिसांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा, जून ते चवथ (गणेश चतुर्थी) हा आमचा खरा सीझन. गडगडाट झाला की लाईट जाते, येते, परत जाते, आणि यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली असते पण मालक म्हणतो पुढचा दिवा पेटतोय ना मग चालतंय की. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, मशीन चालूच होत नाही. अशा वेळी मी बरीच वर्षं सिस्टमरेस्क्यू वापरतोय, त्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे पेनड्राईव्हवरून चालणारं लिनक्स आहे, इन्स्टॉल करायचं नसतं, मशीनमधल्या डिस्कला हात न लावता हे स्वतः रॅममध्ये चालतं. आधी नाव सिस्टमरेस्क्यूसीडी होतं आणि जेंटू नावाच्या लिनक्सवर बनवलेलं असायचं, 2019 मध्ये सहाव्या व्हर्जनपासून आर्च लिनक्सवर आलं. फुकट. आयएसओ, म्हणजे पेनड्राईव्हवर चढवायची फाईल, एक जीबीच्या आसपास. बूट झालं की सरळ काळी स्क्रीन, रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून लॉगिन झालेलं, ग्राफिकल हवं तर स्टार्टएक्स टाईप करायचं. मी सहसा करत नाही कारण काम सगळं टर्मिनलमध्येच, म्हणजे कमांड टाईप करूनच, आहे.

आता मुद्द्यावर येतो. होलसेलवाल्या एका गिऱ्हाईकाचा बिलिंग सर्व्हर, ईएक्सटी4 फाईलसिस्टम (डिस्कवर फाईली मांडून ठेवायची लिनक्सची पद्धत), स्क्रीनवर लिहिलेलं की अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी, एफएसचेक (fsck, फाईलसिस्टम तपासून दुरुस्त करणारी कमांड) हाताने चालवा. मालक शेजारी उभा, "सगळें गेलें मरे?" हाच प्रश्न दर पाच मिनिटांनी. इथे निम्मे टेक्निशियन लगेच एफएसचेक -वाय मारून मोकळे होतात, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला डोळे मिटून हो, आणि माझं सगळं भांडण ह्याच सवयीशी आहे. एफएसचेकचं काम फाईलसिस्टमचा हिशोब जुळवायचं आहे, तुमचा डेटा वाचवायचं नाही. हिशोब जुळत नसेल तर तो फाईल खुशाल तोडून लॉस्ट+फाउंडमध्ये टाकेल आणि म्हणेल झालं क्लीन. आणि डिस्कच मरायला टेकली असेल तर तिच्यावर आणखी लिहिणं म्हणजे तापात असलेल्या माणसाला पळायला लावण्यासारखं.

म्हणून आधी डीमेसेज (dmesg, सिस्टमचे मेसेज दाखवणारी कमांड) बघायचा. त्यात आय/ओ एरर (डिस्क वाचता-लिहिताना आलेल्या चुका) दिसले की समजायचं भानगड फाईलसिस्टमची नाही, खाली हार्डवेअरची आहे. मग स्मार्टसीटीएल -ए (डिस्कच्या तब्येतीची नोंद दाखवणारी कमांड), त्यात रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर ह्या दोन ओळी (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा). पेंडिंगसमोर शून्य सोडून काही असेल तर डिस्कला वाचता न येणारे सेक्टर आहेत, आता फक्त कॉपी काढायची, रिपेअर नंतर. सिस्टमरेस्क्यूमध्ये हे सगळं आधीच भरलेलं आहे, नेट नसलं तरी चालतं, आणि गावात पावसात नेट असतं कुठे.

कॉपीसाठी डीडीरेस्क्यू, आणि खरं सांगायचं तर माझे निम्मे स्टार एकट्या ह्याच टूलला आहेत. साधा डीडी (लिनक्सची नेहमीची कॉपी कमांड) पहिल्या खराब सेक्टरवर एरर देऊन थांबतो. डीडीरेस्क्यू अडचणीची जागा सोडून पुढे जातो, जे सहज मिळतंय ते आधी उचलतो, मग ट्रिमिंग (खराब भागाच्या कडा वाचणं), मग स्क्रेपिंग (आतले सेक्टर एकेक करून खरवडणं) करत त्या खराब तुकड्यांच्या मागे लागतो. पहिल्यांदा -एन देऊन चालवा म्हणजे स्क्रेपिंग मागे राहतं, मरणाऱ्या डिस्कमधून चांगला माल आधी बाहेर येतो. स्क्रीनवर रेस्क्यूडचा टक्का भराभर चढतो, नव्वदीच्या पुढे जाऊन एकदम रेंगाळतो, रिमेनिंग टाईमचा आकडा वाटेल ते दाखवायला लागतो, तिथे कंट्रोल-सी दाबायची घाई नको, चहा मागवा.

मॅपफाईल मात्र नक्की द्या. कुठपर्यंत वाचलं त्याची नोंद तिच्यात असते, त्यामुळे मधेच लाईट गेली (जातेच) तरी तीच कमांड परत दिली की जिथे थांबलं तिथून पुढे चालू. पण ही मॅपफाईल बाहेरच्या डिस्कवर ठेवायची, लाईव्ह सिस्टमच्या रूट फोल्डरमध्ये ठेवली तर ती रॅममध्ये असते आणि लाईटबरोबर तीही गेली.

कॉपी आली की मग एफएसचेक त्या कॉपीवर. आधी ई2एफएसचेक -एन, म्हणजे काही न लिहिता नुसतं काय काय मोडलंय ते दाखव. सुपरब्लॉकच (फाईलसिस्टमची मूळ माहिती असलेली जागा) गेला असेल तर घाबरायचं नाही, ईएक्सटी4 त्याच्या प्रती ठेवून असतो, 4 केबी ब्लॉक असेल तर पहिली 32768 नंबरच्या ब्लॉकवर, -बी देऊन तो नंबर सांगायचा. लॉस्ट+फाउंडमध्ये नुसत्या नंबरच्या नावाने फाईली पडतात, त्यांच्यावर फाईल कमांड चालवली की कुठली पीडीएफ, कुठली डेटाबेसची ते कळतं. पार्टिशन टेबलच (डिस्कचे भाग कुठे आहेत त्याची यादी) उडालं असेल तर टेस्टडिस्क आहे, फोटो स्टुडिओवाल्यांच्या कार्डातले गेलेले फोटो काढायला फोटोरेक आहे, पण फोटोरेक फाईलींची मूळ नावं परत देत नाही हे गिऱ्हाईकाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर नंतर वाद.

आता तक्रारी. सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टम चालू होऊ देणारी सोय) चालू असलेल्या मशीनवर हे बूट होत नाही, बायोसमध्ये जाऊन बंद करावं लागतं, आणि बायोसला पासवर्ड घालून तो विसरलेला मालक भेटला की संपलंच. दुसऱ्या मशीनवरून एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) करायला गेलात तर कनेक्शन लागणार नाही कारण फायरवॉल मुळात चालू असतो, बूट करताना नोफायरवॉल लिहायचं आणि रूटपास देऊन पासवर्ड ठरवायचा, हे मॅन्युअलमध्ये आहे पण मॅन्युअल वाचतो कोण. एनटीएफएससाठी (विंडोजची फाईलसिस्टम) जो एनटीएफएसफिक्स आहे त्याच्याकडून फार अपेक्षा नको, तो किरकोळ दुरुस्ती करून पुढच्या बूटला विंडोजचा चेकडिस्क लावून ठेवतो, विंडोजच्या डिस्कचं खरं काम विंडोजमध्येच करा.

आणि नवशिक्याच्या हातात हे देऊ नका. तुम्ही रूट आहात, डीडीरेस्क्यूमध्ये पहिली डिस्क वाचायची आणि दुसरी लिहायची, उलटं लिहिलंत तर उरलासुरला डेटाही स्वतःच्या हाताने पुसाल. एसडीए, एसडीबी ही लिनक्सने डिस्कांना दिलेली नावं बूटगणिक बदलू शकतात म्हणून मी एलएसबीएलकेला (डिस्कांची यादी देणारी कमांड) मॉडेल आणि सिरीयल नंबर दाखवायला सांगतो आणि डिस्कवरच्या स्टिकरशी जुळवतो, मगच एंटर.

बरं, प्रत्येक "डिस्क गेली" फोनला हा पेनड्राईव्ह काढायची गरजही नसते. बऱ्याचदा डिस्क नुसती भरलेली असते. डीएफ -एच (रिकामी जागा दाखवणारी कमांड), आणि त्यात जागा दिसत असूनही फाईल बनत नसेल तर डीएफ -आय, लाखो बारक्या फाईलींनी आयनोड (प्रत्येक फाईलला लागणारी नोंदीची जागा) संपवलेले सापडतील. मोठा लॉग डिलीट केला तरी जागा सुटली नाही तर एलएसओएफ +एल1 (डिलीट होऊनही उघड्या असलेल्या फाईलींची यादी) बघा, कुणीतरी सर्व्हिस ती फाईल अजून धरून बसलेली असते, रीस्टार्ट केली की सुटते.

माझ्याकडून पाचात साडेचार, अर्धा सिक्युअर बूटने खाल्ला. फक्त डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर हे काहीच लावू नका, वायर काढा आणि डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्ये पाठवा, तिथे जो खर्च सांगतील त्यावर मालकाला विचार करू दे.