फेसाला भुलले आणि साडेसात हजार घालवले

गणपतीला तीन आठवडे होते. आमची डोंबिवलीतली इमारत जुनी, त्यामुळे स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये अजून एक बाय एकच्याच टाइल्स. पुसल्या की टाइल्स चकचकतात, पण मधल्या फटी काळ्याकुट्ट. ओट्याखाली तेलाचा चिकटा, बाथरूममध्ये बुरशी आणि साबणाचा थर. सासूबाईंचं रोजचं पालुपद, "येणाऱ्याची नजर आधी जमिनीवर जाते गं." आणि नेमका तेव्हाच तो दारात उभा राहिला.

इस्त्रीचा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात मशीनची पेटी. "ताई, ३०२ मध्ये आत्ताच काम उरकलं. तुमच्याकडे फक्त डेमो दाखवतो, पैसे नकोत." ३०२ चं नाव घेतलं म्हणून मी आत घेतलं. (नंतर कळलं की ३०२ मध्ये त्याने आमचं नाव सांगितलं होतं. एका फोनचं काम होतं, मी केला नाही.)

डेमो मात्र बघण्यासारखा. लेबल नसलेल्या बाटलीतून त्याने एका फटीवर काहीतरी ओतलं आणि फसफसून तपकिरी फेस वर आला. "बघा, वीस वर्षांचा मळ कसा उकळून निघतोय!" फेस पुसला तर खालची फट पांढरी. मी बाई सोड्याने, ब्रशने गुडघे मोडून घासत होते, आणि इथे अर्ध्या मिनिटात काम फत्ते. सासूबाईसुद्धा खुर्ची ओढून बघायला बसल्या.

तो फेस मळाचा नव्हताच. ती बाटली साध्या ॲसिडची होती. नवीन टाइल्सवर सांडलेलं सिमेंट काढायला मिस्त्री जे मारतात, तेच. फटीत सिमेंटचंच ग्राउट असतं. त्यातल्या चुन्याला ॲसिड लागलं की वायू सुटतो आणि बुडबुडे येतात. म्हणजे वर येत होतं ते माझं ग्राउट. वरचा थर मळासकट विरघळला, म्हणून खालचा पांढरा दिसला. पण हे शहाणपण मला जवळजवळ तीन महिन्यांनी आलं.

भाव ठरला ३० रुपये फूट. स्वयंपाकघर ८० चौरस फूट, बाथरूम ४०. मी मनात ३,६०० चा हिशोब केला. "आधी साफ करतो, मग वरून इपॉक्सी भरून देतो, दहा वर्षं बघायला नको," असंही म्हणाला. तीन तासांत दोन्हीकडचं काम संपलं. बाथरूममध्ये सकाळीच मी ब्लीचिंग पावडर टाकून नुसतं पाणी मारलं होतं. त्यावर त्याने ॲसिड ओतल्याबरोबर असा ठसका लागला की डोळ्यांतून घळाघळा पाणी. सासूबाईंना दमा आहे, त्यांना गॅलरीत नेऊन बसवलं. तो म्हणाला, "केमिकल स्ट्राँग आहे ताई." ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू तयार होतो. पैसे गेले ते गेले, पण हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

मग बिल. म्हणजे कागद नाहीच, मोबाइलवरचा आकडा: ८,४००. फूट म्हणजे म्हणे रनिंग फूट, फटीची लांबी! एक बाय एकच्या टाइल्सना दर चौरस फुटामागे दोन फूट फट येते. १२० चे झाले २४०, त्याचे ७,२००, वर मटेरियलचे १,२००. गणित बिनचूक होतं, म्हणून तर बोलती बंद झाली. घासाघीस करून साडेसात हजारांवर आणलं आणि वर मलाच वाटलं की जिंकले. यूपीआयने पैसे दिले. "संध्याकाळी खुशाल आंघोळ करा," म्हणून गेला.

गणपतीत फरशी छान दिसली, खोटं कशाला बोलू. नंतर केरसुणीला पांढरी भुकटी लागायला लागली. मोरीची स्टीलची जाळी गंजली, नळाची चकाकी काळवंडली, आणि बाथरूमच्या उंबऱ्याचा संगमरवर हाताला खरखरीत लागू लागला. संगमरवर, कडाप्पा, शहाबादी हे सगळे चुन्याचेच दगड, ॲसिड त्यांनाही खातं. दिवाळीनंतर खालच्या काकू वर आल्या. त्यांच्या छताला ओल आली होती.

आमच्या जुन्या मिस्त्रींनी खाली बसून फटीवर किल्ली ओढली. भुसभुशीत. मग थेंबभर पाणी टाकलं, ते फटीने पिऊन टाकलं आणि ती जागा गडद झाली. "वहिनी, इपॉक्सी पाणी पीत नाही. हे पांढरं सिमेंट आहे, तेही पातळ कालवलेलं." खरं इपॉक्सी दोन भागांत येतं, राळ आणि हार्डनर. लवकर घट्ट होतं म्हणून थोडं थोडंच कालवायचं, भरल्याबरोबर ओल्या स्पंजने पुसायचं आणि निदान दिवसभर तरी पाणी लागू द्यायचं नाही. मिस्त्रींना एकट्या बाथरूमला अख्खा दिवस लागला. पहिल्याच संध्याकाळी आंघोळीची परवानगी मिळाली तिथेच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता.

त्याचा नंबर बंद होता. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करायचं ठरवलं आणि तक्रार लिहायला बसले तर हातात काय? ना पावती, ना दुकानाचं नाव. यूपीआयवर नाव होतं तेही भलत्याच कुणाचं.

स्वयंपाकघराच्या फटी आता मीच घासते. खाण्याच्या सोड्याची घट्ट पेस्ट पंधरा मिनिटं लावून ठेवायची आणि जुन्या टूथब्रशने घासायचं. तेलकट जागी त्याआधी गरम पाणी आणि भांड्यांचा साबण. बाथरूममध्ये बुरशी आली तर पाणी घातलेलं ब्लीच, तेही खिडकी उघडून आणि त्या दिवशी दुसरं काहीही न वापरता. सोड्यावर व्हिनेगर ओतायचे व्हिडिओ सगळे पाठवतात. दोन्ही एकमेकांना मारून टाकतात आणि उरतो तो फेस. फेसाचं माझं कौतुक आता संपलंय. तारेचा ब्रशही नको, ग्राउट उकरलं जातं. सगळे डाग जात नाहीत, काही राहतात. राहू देत.

गेल्या आठवड्यात ५०१ ची नवी सून आली. "काकू, तुमच्याकडे फरशीचं काम केलंय म्हणे एकाने, कसं झालं? खाली थांबलाय तो." मी तिला ओट्यापाशी नेलं, कारण तिथल्या फटी अजून त्यानेच भरलेल्या आहेत, आणि तिच्याच घराची किल्ली तिच्या हातात दिली. ती वाकली, किल्ली फटीवरून ओढली आणि बोटाला लागलेली पांढरी भुकटी बघत राहिली.