टोचन: दोर बरा की लोखंडी दांडा?

कोल्हापुरात कावळा नाक्यावर कार बंद पडली आणि उद्यमनगरातल्या गॅरेजपर्यंत न्यायची आहे, दाराशी छोटी पिकअप आहे. मग बहुतेक जण दोर काढतात. स्वस्त, हलका, डिकीत मावतो. पण दोर फक्त ओढतो, थांबवत नाही. पिकअपनं ब्रेक मारला की मागची कार तिच्या स्वतःच्या ब्रेकवरच थांबते. इंजिन बंद असल्यावर ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पेडल हलकं ठेवणारी मदत, दोन-तीन दाबांत संपतो, पेडल दगडासारखं होतं, स्टिअरिंगही जड. म्हणून मागे मुरलेलाच चालक बसवा आणि किल्ली ऑनवर ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. दोर ढिला पडून झटका बसला तर हूक उपटतो. तुटलेला दोर माणसाला जायबंदी करतो.

दांड्यानं अंतर कायम राहतं, धडक टळते. ब्रेक गेलेल्या कारला दोर लावूच नका. मात्र दांडा असला तरी दोन्ही गाड्यांचं वजन पिकअपलाच थांबवायचं असतं, आणि रिकाम्या पिकअपची मागची चाकं पावसात घसरतात. हौद्यात वाळूची चार पोती टाका.

दोन्हीत हूक चासीला लावा, बंपरला कधीच नाही. गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग २० च्या आत.

माझं मत दांड्याच्या बाजूनं. सपाट रस्त्यावर दोन किलोमीटरसाठी दोर चालेल. गगनबावड्याचा घाट असेल किंवा कार ऑटोमॅटिक असेल, तर दोन्ही सोडा आणि सपाट हौद्याची रिकव्हरी गाडी बोलवा.