आधी ड्रेनेज, मग घाट: कोपनहेगनचा इस्लान्स ब्रुगे हार्बर बाथ

रेटिंग 5 पैकी 4.5, अर्धा का कापला ते पुढे येईलच.

वॉटरफ्रंट म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर एकच चित्र यायचं, चकाचक फरशी, स्टीलचं रेलिंग, सेल्फी पॉइंट, रात्री निळे-जांभळे लाइट आणि खाली जे पाणी आहे त्यात पाय बुडवायचीही कुणाची छाती नाही. त्यामुळे डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये भर शहरात, बंदराच्या पाण्यात लोक लहान पोरांना घेऊन डुंबतायत हे बघून मी पाचेक मिनिटं नुसता उभा होतो.

इस्लान्स ब्रुगे म्हणजे आइसलंडचा धक्का. पूर्वी इथे कारखाने, गोदामं, मालगाड्या; शेजारच्या पार्कात जुने रूळ अजून ठेवलेत ते मला फार आवडलं. हार्बर बाथ म्हणजे बंदराच्याच पाण्यात पोहायची जागा; हा 2000 च्या दशकाच्या सुरुवातीचा, डिझाइन आर्किटेक्ट ब्यार्के इंगेल्स आणि ज्युलियन डी स्मेट यांच्या तेव्हाच्या फर्मचं. पाण्यावर मोठा लाकडी डेक, त्यात 5 हौद, त्यातले 2 पोरांसाठी, एका टोकाला जहाजाच्या पुढच्या निमुळत्या भागासारखा उडी मारायचा टॉवर. एका वेळी 600 माणसं मावतात आणि तिकीट नाही, कुणीही या, टॉवेल पसरा, पडा.

पण खरं काम डेकचं नाहीच, ते जमिनीखाली आहे. जुन्या भागांत पावसाचं आणि संडासाचं पाणी एकाच लाइनमधून जायचं, पाऊस जोरात झाला की लाइन भरून वाहायची आणि सगळा मैला सरळ बंदरात. मग शहराने जमिनीखाली मोठाल्या टाक्या बांधल्या, जादाचं पाणी तिथे थोपवायचं आणि नंतर सावकाश प्रक्रिया केंद्राकडे पाठवायचं, शिवाय बंदरात उघडणारी बरीच तोंडं बंदच करून टाकली. ह्यात फोटो काढण्यासारखं काहीच नाही, फीत तरी कुठे कापणार? पण हे आधी झालं म्हणून वरचा डेक हा डेक आहे, नाहीतर नुसता गटाराच्या काठचा बाक झाला असता.

अर्धा मार्क इथेच गेला. मोठा पाऊस झाला की अजूनही बाथ काही काळ बंद ठेवावा लागतो. 2 जुलै 2011 ला तर दोन-तीन तासांत 150 मिमीच्या आसपास पाऊस कोसळला, शहर तुंबलं, आणि 2012 मध्ये ढगफुटीसाठी वेगळा आराखडा आला. जायच्या आधी त्या दिवशीची पाण्याची स्थिती ऑनलाइन बघा, तिथले लोकही बघूनच निघतात.

एक काम नक्की करा, समोरच्या काठावर जा. 2006 चा पूल आहे, फक्त चालणारे आणि सायकलवाले. पलीकडे काल्वेबोद ब्रुगे, 1990 च्या दशकात पाण्याला लागून ऑफिसं आणि हॉटेलं उभी केली, आणि काठ मेला. दुपार कलली की बिल्डिंगांची सावली, बसायला जागा नाही, माणूस थांबणार कशाला? शेवटी 2013 मध्ये लाटेसारखा वळणावळणाचा लाकडी धक्का बांधला, तोही सावली चुकवून पाण्यात पुढे काढलेला, त्याच डी स्मेटच्या फर्मने. म्हणजे त्याच शहराने, त्याच पाण्यावर एकीकडे चूक केली, ती निस्तरायला वीसेक वर्षं घेतली आणि दोन्ही काठ समोरासमोर ठेवलेत, अजून काय पाहिजे.

बाथच्या काठावर दोन जुने सायलो, म्हणजे माल साठवायचे उंच गोल टॉवर आहेत, 2005 मध्ये त्यांना बाहेरून फ्लॅट लटकवलेत. दिसतात भारी. असल्या फ्लॅटमधून रोज बाथ बघायचा तर खिसा केवढा लागत असेल ते सोडा, पण निदान खाली उडी मारायला घर असावं लागत नाही.

इतकी वर्षं ह्या शहराचं पोस्टकार्ड म्हणजे जलपरीचा पुतळा, 1913 पासून काठावर बसलीये बिचारी, पाण्यात काही उतरत नाही. आता फोटोंमध्ये उड्या मारणारी पोरं दिसतात.

मी टॉवरच्या टोकावरून नाही मारली उडी, खालच्या पायरीवरून मारली. पाणी बर्फासारखं गार, नाकातोंडात गेलं. किंचित खारट, आणि वास कसलाच नाही.